मुलांचे घर उभारणारी आई : मारिया मॉन्टेसरी

सप्टेंबर जवळ आला की ब्रिटनमधल्या नर्सरींच्या आणि अमेरिकेतल्या प्रीस्कूलच्या दारांशी एक दृश्य हमखास दिसते. तीन वर्षांच्या मुलाने आईच्या कोटाची बाही घट्ट धरलेली असते, शिक्षिका हसतमुखाने हात पुढे करून उभी असते आणि आईचे अर्धे लक्ष घड्याळाकडे तर अर्धे त्या इवल्याशा मुठीकडे असते. मराठी घरांतून आलेल्या मुलांच्या वाट्याला यात आणखी एक अडचण येते. घरात ‘पाणी’, ‘शू’, ‘उचलून घे’ एवढ्या शब्दांवर ज्याचे राज्य चालते, ते मूल एका सकाळी अशा खोलीत येऊन पडते, जिथे यांतला एकही शब्द कोणाला कळत नाही.

ज्यांचे नाव जगभरच्या बालशाळांच्या पाट्यांवर झळकते, त्या मारिया मॉन्टेसरी यांची जयंती ३१ ऑगस्टला, म्हणजे नेमकी शाळा उघडण्याच्या तोंडावर येते. त्यांच्या पद्धतीविषयी, लाकडी दट्ट्यांविषयी, मण्यांच्या माळांविषयी आणि खरखरीत अक्षरांविषयी पुष्कळ लिहिले जाते. मात्र आई आणि मूल यांच्यातल्या अंतराशी त्यांचा किती निकटचा संबंध आला, याकडे सहसा लक्ष जात नाही. तो संबंध डॉक्टर म्हणून आला, शिक्षिका म्हणून आला आणि आई म्हणूनही आला. त्यांचे चरित्र या अंगाने वाचले की बालशाळेच्या उंबरठ्यावरच्या त्या रडण्याचा अर्थ थोडा अधिक उमगतो.

एकुलती एक मुलगी

मारियांचा जन्म १८७० साली इटलीतल्या अँकोना शहराजवळ किआराव्हाले या गावी झाला. वडील अलेस्सांद्रो हे सरकारी वित्त खात्यातले अधिकारी, वृत्तीने जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे स्तोप्पानी यांना वाचनाची ओढ होती, आणि मुलीने शिकावे, पुढे जावे असे त्यांना मनापासून वाटे. मारिया पाच वर्षांच्या असताना कुटुंब रोमला स्थायिक झाले. तेथे त्यांनी मुलांसाठी असलेल्या तांत्रिक शाळेत प्रवेश घेतला. आधी अभियंता होण्याचे मनात होते, पुढे वैद्यकाचा ध्यास लागला. वडिलांना तो पसंत नव्हता, आई मात्र पाठीशी ठाम उभी राहिली.

रोम विद्यापीठात पुरुष विद्यार्थ्यांसमवेत शवविच्छेदन करणे स्त्रीला अशोभनीय मानले जाई. म्हणून सगळे निघून गेल्यावर, संध्याकाळच्या वेळी, त्यांना ते काम एकटीने करावे लागे. १८९६ साली त्या डॉक्टर झाल्या. इटलीतल्या पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांपैकी त्या एक होत. त्याच वर्षी बर्लिनमधल्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेत त्यांनी इटलीचे प्रतिनिधित्व केले आणि समान कामासाठी समान वेतनाची बाजू मांडली.

विद्यापीठाच्या मनोरुग्ण चिकित्सालयात काम करताना त्यांचा संबंध मतिमंद ठरवून वेड्यांच्या इस्पितळात डांबलेल्या मुलांशी आला. जेवण संपल्यावर ही मुले जमिनीवर सांडलेले पावाचे तुकडे गोळा करीत बसत. देखभाल करणाऱ्या बाईला त्यात निव्वळ हावरेपणा दिसे. मॉन्टेसरींनी आजूबाजूला पाहिले, तेव्हा त्या रिकाम्या खोलीत हाताळायला दुसरी एकही वस्तू नव्हती. मुलांच्या हातांना काम हवे होते. या निरीक्षणातून त्या इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांच्या लेखनाकडे वळल्या. १९०० साली रोममध्ये अशा मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी संस्था निघाली, तेव्हा तिच्या दोन संचालकांपैकी एक मॉन्टेसरी होत्या. दुसरे होते डॉ. ज्युसेप्पे मोंतेसानो.

दूर वाढलेला मुलगा

मोंतेसानो आणि मॉन्टेसरी यांचे एकमेकांवर प्रेम होते. ३१ मार्च १८९८ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव मारियो. लग्न झालेले नव्हते. त्या काळच्या इटलीत लग्न केले तर मारियांना वैद्यकी आणि सार्वजनिक काम, दोन्हींवर पाणी सोडावे लागले असते. न केले आणि मुलाची वाच्यता झाली, तर अब्रूसकट सगळेच गेले असते. घरच्यांचाही या नात्याला विरोध होता. अखेर बाळाचा जन्म गुप्त ठेवण्यात आला आणि त्याला रोमबाहेर खेड्यातल्या एका दाईच्या घरी वाढवायला दिले गेले. आई अधूनमधून भेटायला येई, पण आई म्हणून नव्हे. घोडागाडीतून येणारी, थोडा वेळ बसून निघून जाणारी एक बाई, एवढीच तिची ओळख त्या मुलाला होती.

दोघांनीही दुसऱ्या कोणाशी लग्न करायचे नाही, असे ठरले होते. मोंतेसानो यांनी ते पाळले नाही. १९०१ साली मॉन्टेसरींनी संस्था सोडली आणि पुन्हा विद्यापीठात विद्यार्थिनी म्हणून नाव घातले. मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान, शिक्षणशास्त्र असे विषय त्यांनी नव्याने अभ्यासले. मतिमंद मुलांना ज्या साधनांनी शिकता आले, ती साधने इतर मुलांना दिली तर काय होईल, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत होता.

आईबापांच्याच इमारतीत

उत्तर शोधण्याची संधी आली ती शाळेकडून नव्हे, घरबांधणी कंपनीकडून. रोमच्या सान लोरेन्झो या कामकऱ्यांच्या वस्तीत अर्धवट सोडून दिलेल्या इमारती एका कंपनीने दुरुस्त करून कुटुंबांना भाड्याने दिल्या होत्या. आईबाप दिवसभर कामाला जात. मागे राहिलेली लहान मुले जिन्यांवर धुडगूस घालत आणि नव्याने रंगवलेल्या भिंतींवर रेघोट्या ओढत. त्यांना कोणीतरी एका खोलीत सांभाळले तर भिंतींच्या दुरुस्तीचा खर्च वाचेल, असा कंपनीचा व्यवहारी हिशेब होता. जबाबदारी मॉन्टेसरींकडे आली आणि ६ जानेवारी १९०७ रोजी व्हिया देई मार्सी या रस्त्यावरच्या ५८ क्रमांकाच्या इमारतीत ‘कासा देई बांबिनी’, म्हणजे मुलांचे घर, सुरू झाले.

पहिल्या दिवशी सुमारे पन्नास मुले आली. जाड निळ्या कापडाचे सारखे कपडे घातलेली, भेदरलेली, कोणी रडत असलेली, कोणी काही विचारले तरी तोंड न उघडणारी. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या त्या शाळेची सुरुवात अशी रडण्यानेच झाली, आणि मॉन्टेसरींनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींत ती लपवलेली नाही.

या रडण्यावर त्यांनी काय उपाय केला, हे पाहण्यासारखे आहे. खाऊचे आमिष त्यांच्या पद्धतीत बसत नव्हते आणि धाकही बसत नव्हता. पहिली गोष्ट म्हणजे शाळेची जागा. ती मुलांच्या राहत्या इमारतीतच होती. मूल घरातून निघून जिना उतरले की शाळेत. शिक्षिकाही त्याच इमारतीत राहणारी. कामावरून मध्येच घरी आलेल्या आईला केव्हाही डोकावून जाण्याची मुभा होती, आणि आठवड्यातून एकदा तरी तिने शिक्षिकेशी बोलावे असा नियमच होता. बदल्यात मुलाला स्वच्छ करून पाठवण्याची जबाबदारी आईची. शाळा ही सगळ्या बिऱ्हाडांची सामाईक मालमत्ता आहे, असे मॉन्टेसरी मानत. घर आणि शाळा यांच्यातली दरी जितकी अरुंद, तितके ती ओलांडणाऱ्या पावलांचे भय कमी, हे त्यांनी प्रत्यक्षात उतरवले.

दुसरी गोष्ट खोलीतल्या सामानाची. मुलाला स्वतः उचलता येतील अशा हलक्या खुर्च्या आणि मेजे त्यांनी करून घेतली. साधने हात पोहोचेल अशा ठेंगण्या कपाटांत ठेवली. एकदा कपाटाला कुलूप लावायचे राहून गेले, तेव्हा मुलांनी आपापल्या आवडीच्या वस्तू स्वतःच काढून कामाला सुरुवात केली. ते पाहून निवडीचा हक्क मुलांनाच देण्यात आला. सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे खाचांत बसवण्यात इतकी रंगून गेली की तिची खुर्ची उचलून मेजावर ठेवली, भोवती इतर मुलांना गायला लावले, तरी तिने मान वर केली नाही. तेच काम तिने चाळीसहून अधिक वेळा केले आणि मग गाढ झोपेतून उठल्यासारखी प्रसन्न होऊन थांबली.

आणखी एक प्रसंग नाक शिंकरण्याचा. शेंबडासाठी सतत बोलणी खाणाऱ्या या मुलांना मॉन्टेसरींनी एके दिवशी रुमाल कसा वापरावा, इतरांच्या लक्षात न येता नाक कसे पुसावे, हे शांतपणे करून दाखवले. ते संपल्यावर मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. हसण्याची अपेक्षा असताना टाळ्या का मिळाल्या, याचा विचार त्यांनी केला आणि त्यांच्या लक्षात आले की मुलांना लाजिरवाणे न करता शिकवणारे माणूस बहुधा पहिल्यांदाच भेटले होते.

या सगळ्यातून त्यांच्या हाती आलेले सूत्र बालशाळेच्या दाराशी रडणाऱ्या प्रत्येक मुलाला लागू पडते. आईची आठवण विसरायला लावून मूल स्थिरावत नाही. त्या नव्या जागेत स्वतःचे म्हणून काही हाती लागले, एखादे काम आपल्याला जमते असे वाटले आणि तेथले मोठे माणूस आपला मान राखते याची खात्री पटली, की मुठीची पकड आपोआप सैल होते.

भूकंपानंतरची मुले

२८ डिसेंबर १९०८ रोजी मेसिना येथे भीषण भूकंप झाला. त्यात अनाथ झालेल्या सुमारे साठ लहान मुलांना रोममध्ये फ्रान्सिस्कन जोगिणींच्या मठात आणले गेले आणि तेथे मॉन्टेसरी पद्धतीची शाळा सुरू झाली. या मुलांची ताटातूट काही तासांची नव्हती. कित्येकांना आपले नावही सांगता येत नव्हते. ती जेवत नसत, बोलत नसत, रात्री किंचाळून उठत. अशा मुलांना जोगिणींनी ताटे मांडणे, झाडांना पाणी घालणे, हात धुणे अशी रोजची कामे फार बारकाईने, एकेक हालचाल दाखवून शिकवली. हळूहळू भूक परतली, झोप परतली, हसू परतले. दुःखाने गोठलेल्या मुलाला आधी ठरलेला, ओळखीचा दिनक्रम लागतो आणि त्या दिनक्रमात त्याच्या हातांना काम लागते, हे मॉन्टेसरींनी येथे अधिक स्पष्टपणे पाहिले.

१९०९ साली त्यांचे पद्धतीवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि १९१२ मध्ये इंग्रजी भाषांतर आले. देशोदेशीचे शिक्षक रोमला येऊ लागले. जगभरची मुले त्यांच्या शाळांत रमू लागली होती. स्वतःचे मूल मात्र अजूनही दूरच होते.

डिसेंबर १९१२ मध्ये रेनिल्दे वारल्या. त्यानंतर लवकरच, मारियो पंधरा वर्षांचा होण्याच्या सुमारास, तो आईकडे राहायला आला. अधूनमधून भेटायला येणारी ती बाई आपली आई आहे, हे त्याने मनोमन ओळखले होते. त्यानंतर दोघे क्वचितच वेगळे झाले. मारियो आईचा सहायक, दुभाषी, व्यवस्थापक आणि पुढे त्यांच्या कार्याचा वारस झाला. चारचौघांत मात्र त्याची ओळख भाचा किंवा दत्तक पुत्र अशीच करून दिली जाई. वाया गेलेल्या वर्षांबद्दल त्याने आईला कधी जाहीर दोष दिला नाही.

अहमदनगरची छावणी

मुसोलिनीच्या राजवटीशी बिनसल्यावर इटलीतल्या मॉन्टेसरी शाळा बंद झाल्या. स्पेनमध्ये यादवी पेटल्यावर १९३६ साली मायलेकांनी नेदरलंड्समध्ये आसरा घेतला. तेथून थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल यांच्या निमंत्रणावरून १९३९ च्या अखेरीस दोघे मद्रासजवळच्या अड्यारला आले. मारियोची मुले युरोपातच राहिली. बेत काही महिन्यांचा होता. अड्यारच्या पहिल्या वर्गाला सुमारे तीनशे प्रशिक्षणार्थी होते. मॉन्टेसरी इटालियनमध्ये बोलत आणि मारियो एकेक वाक्य इंग्रजीत सांगत जाई.

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि ब्रिटिश हिंदुस्थानातले इटालियन एका रात्रीत शत्रूचे नागरिक ठरले. मॉन्टेसरींना अड्यारच्या आवारात स्थानबद्ध करण्यात आले. मारियोला पकडून अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथील छावणीत ठेवले गेले. सत्तरीला आलेली आई समुद्रकाठच्या बागेत आणि मुलगा दख्खनच्या पठारावर काटेरी तारांमागे, अशी ही दुसरी ताटातूट होती. पहिली लोकलाजेने लादली होती, ही सरकारने.

३१ ऑगस्ट १९४० हा मॉन्टेसरींचा सत्तरावा वाढदिवस. व्हाइसरॉयकडून तार आली की वाढदिवसाची भेट म्हणून सरकार त्यांचा मुलगा त्यांना परत देत आहे. मारियोची सुटका झाली. भाचा किंवा दत्तक पुत्र म्हणून वावरलेल्या त्या बेचाळीस वर्षांच्या माणसाचा उल्लेख सरकारने सरळ त्यांचा मुलगा असा केला होता. जे नाते आईने चार दशके झाकून ठेवले, ते असे एका तारेने उघडे झाले आणि जग काही कोसळले नाही.

मायलेकांचा भारतातला मुक्काम १९४६ पर्यंत लांबला. कोडाईकनालच्या थंड हवेत आणि पुढे इतर शहरांत त्यांनी हजाराहून अधिक शिक्षक तयार केले. या वर्षांत मॉन्टेसरींचे लक्ष अगदी तान्ह्या बाळांकडे वळले. शेतात, बाजारात, देवळात, जिकडे जाईल तिकडे बाळाला कडेवर घेऊन जाणाऱ्या आयांविषयी त्यांनी आपल्या व्याख्यानांत कौतुकाने सांगितले. आईच्या अंगाला चिकटून जग पाहणारे मूल फारसे रडत नाही आणि भाषा, माणसे, व्यवहार सगळे सहज टिपते, हे त्यांनी नोंदवले. भारतातल्या या व्याख्यानांवर आधारलेले पुस्तक १९४९ साली मद्रासहून प्रसिद्ध झाले.

अंगणात आलेली शाळा

मॉन्टेसरी भारतात येण्यापूर्वीच त्यांचे विचार येथे रुजले होते. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. पुढे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केला आणि १९४५ मध्ये अनुताई वाघ यांना सोबत घेऊन बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग मांडला. वस्तीतली गरीब मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मूल घराच्या परिसरातच राहिले, आई डोळ्यांसमोर राहिली आणि महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, शंख-शिंपले हाती आले. सान लोरेन्झोतली इमारतीतली शाळा येथे अंगणवाडी झाली. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

आपल्यापैकी बहुतेकांच्या मुलांची शाळा जिन्याखाली नसते आणि अंगणातही नसते. ती गाडीने वीस मिनिटांवर असते आणि तिची भाषाही वेगळी असते. म्हणून अंतर कमी करण्याचे काम दुसऱ्या वाटांनी करावे लागते. अनेक मॉन्टेसरी शाळा सगळ्या नव्या मुलांना एकाच दिवशी बोलावत नाहीत. थोड्या थोड्या मुलांना, सुरुवातीला थोड्या वेळासाठी घेतात. आधी एक-दोनदा आईबाबांबरोबर जाऊन खोली पाहून येणे, स्वतःची पिशवी अडकवण्याची खुंटी ओळखीची होणे, मुलाच्या रोजच्या गरजेचे चार मराठी शब्द शिक्षिकेला लिहून देणे, रोज त्याच पद्धतीने थोडक्यात निरोप घेणे आणि नजर चुकवून पळ न काढणे, या साध्या गोष्टी त्या दरीवरच्या फळ्या आहेत. ओतणे, पुसणे, घड्या घालणे या कामांना भाषा लागत नाही, हाही परभाषेत पाऊल टाकणाऱ्या मुलाला मोठा आधार असतो. रडणे म्हणजे मूल शाळेसाठी कच्चे असणे नव्हे. ज्याला सोडून जावेसे वाटत नाही असे माणूस त्याच्याकडे आहे, एवढेच ते सांगते.

मॉन्टेसरींच्या आयुष्याची अखेर होत असतानाच लंडनचे मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचा, आईपासून दुरावलेल्या मुलांवरचा जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेला अहवाल १९५१ साली प्रसिद्ध झाला आणि ताटातुटीच्या अभ्यासाला शास्त्रीय बैठक मिळाली. मॉन्टेसरींचा मार्ग वेगळा होता. त्यांनी सिद्धान्तापेक्षा खोली उभारली, तिच्यातल्या खुर्चीची उंची ठरवली आणि दारात आईला मज्जाव केला नाही.

६ मे १९५२ रोजी नेदरलंड्समधल्या नोर्डव्हाइक येथे, समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या गावी, एक्क्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या वेळी मारियो सोबत होता. त्यांनी आपले सारे त्याच्या हवाली केले होते आणि मृत्युपत्रात त्याचा उल्लेख कोणताही आडपडदा न ठेवता आपला मुलगा असा केला होता. त्यानंतर तीस वर्षे, १९८२ साली स्वतःच्या मृत्यूपर्यंत, मारियो आईने उभारलेली मुलांची घरे सांभाळत राहिला.